ठाण्यातली गॅलरी: गिऱ्हाईक घोडबंदरचं की दुबईचं?

मासुंदाकाठ:
‘ठाणेकर चित्रं घेत नाहीत, सेल्फी काढून जातात, गॅलरी जगवायची तर आर्ट फेअर आणि परदेशी संग्राहकच धरा,’ असं काल इथे कुणीतरी लिहिलंय. तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी ६ला कुलूप लावल्यावर ठाणेकर येणार कधी? लोकलने घरी पोचेपर्यंत त्याला ८ वाजतात. शनिवार-रविवार रात्री ९पर्यंत दार उघडं ठेवा, माहिती मराठीत लावा, किंमत चित्राशेजारी लिहा. १०-१५ हजारांची लिनोकट, एचिंग, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं, ठेवा, ३ हप्ते द्या. सप्टेंबर २०२५पासून चित्रांवरचा जीएसटीही १२वरून ५ टक्क्यांवर आलाय. एवढं करा आणि मग ठाणेकराला नावं ठेवा.

पामबीच:
हप्त्यांनी भाडं निघत नाही हो. १५ हजारांच्या प्रिंटवर ५० टक्के कमिशन धरा, हातात साडेसात. त्यातच दिवे आणि माणसाचा पगार. मोठं काम संग्राहकच घेतो आणि तो फेअरमध्ये भेटतो. आर्ट मुंबई २०२३ला महालक्ष्मीलाच सुरू झाली, म्हणजे दारातच.

मासुंदाकाठ:
महालक्ष्मीला जा की, कोण अडवतंय? पण दुबईचा खर्च मांडा. बूथ, विमा, जाण्या-येण्याचं भाडं. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का नसला तर माल अडतो. फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने, म्हणजे सीमाशुल्क न भरता माल तात्पुरता नेण्याचं कागदपत्र घ्याल, पण ते परत आणायच्या मालासाठी असतं. काम तिथेच विकलं गेलं तर तिथलं शुल्क भरा. दोन चित्रं परत आली की वर्षाचं गणित कोलमडलं.

घोडबंदर:
दोघंही ओलीबद्दल बोलत नाही आहात. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ८०च्या वर असते. गॅलरीवाले दिवसा एसी लावतात, रात्री बंद करतात. कागद दिवसा आक्रसतो, रात्री फुगतो, लाटा येतात, काचेला चिकटतो. मग कडेला तपकिरी ठिपके. काच आणि कागदामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. फ्रेममागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवा, हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर कागदाचं काम टांगू नका.

पामबीच:
प्रश्न गिऱ्हाइकाचा चाललाय. भिंतीचं काय मधेच?

घोडबंदर:
मधेच? दमट काम खोक्यात बंद केलंत की ओलही आतच राहते आणि तिकडे बुरशीसकट उघडतं. चित्राची अवस्था नोंदवणाऱ्या कंडिशन रिपोर्टवर ते लिहिलं गेलं की तो संग्राहक गेला! आणि ठाणेकराच्या घरी २४ तास एसी नसतो. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत मुरतो, हे त्याला विकतानाच सांगायला हवं. परदेशी खरेदीदाराला मेलवर सांगाल, इथल्याच्या घरी जाऊन भिंत बघता येते.

मासुंदाकाठ:
हेच म्हणतोय मी! विकल्यानंतर पावसाळ्यात एकदा जाऊन काम उतरवून बघा. त्याच घरातून दुसरं गिऱ्हाईक मिळतं.

पामबीच:
हप्ते मला अजूनही पटलेले नाहीत. घरी जाण्याचं मान्य, तेवढंच. ५०० चौरस फुटांना डीह्युमिडिफायर केवढा लागेल?

घोडबंदर:
दिवसाला निदान २० लिटर पाणी ओढणारा. टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं आणि रात्री बघायला कुणी नसतं, म्हणून नळी थेट मोरीत सोडा. आर्द्रतेचा काटा ५०-५५ टक्क्यांवर ठेवा.