पळायचं घड्याळ लावताना आलेले अनुभव

वाटसरू:
काल भाचीने नवं घड्याळ मनगटाला बांधलं, दाराबाहेर पाऊल टाकलं आणि बटण दाबून सुटलीच. मी मागून ओरडले, "अगं थांब, जीपीएसचा सिग्नल तरी मिळू दे!" आणि एकदम माझी पहिली अर्धमॅरेथॉन आठवली. घड्याळ ऐन सुरुवातीला चालू केलं होतं, दोन्ही बाजूंना उंच इमारती. पहिल्या किलोमीटरला त्याच्या नकाशावरची रेघ रस्ता सोडून नागमोडी गेली, अंतर फुगलं आणि पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, दाखवला ४:५०. माझा ठरलेला ५:४०. मी घाबरून पाय आवरले आणि पुढे कितीतरी वेळ त्या आकड्याच्या धाकात पळत राहिले. दोन तासांच्या आत यायचं होतं, दोन मिनिटांनी हुकलं. अजून हळहळ वाटते.

आता घड्याळ मोकळ्या आकाशाखाली आणून मगच बुटाच्या नाड्या बांधते. सिग्नलचं चिन्ह हिरवं झालं तरी मिनिटभर थांबते. स्थान काढायला किमान चार उपग्रह लागतात. थांबलं की आणखी हाती लागतात आणि रेघ स्थिरावते.

तुमचं पहिलं घड्याळ तुम्ही कसं लावलंत? कुठे फसलात?

चिखलपाय:
स्मार्ट रेकॉर्डिंग!!! म्हणजे घड्याळ दर सेकंदाला नाही, अधूनमधूनच जागा नोंदवतं. आठ महिने तेच चालू होतं, मला पत्ताच नाही. टेकडीच्या वळणांवर दर वेळी अंतर कमी. ठिपके लांब लांब पडतात आणि घड्याळ मधलं वळण सरळ कापून टाकतं. दर सेकंदाला नोंद लावली तेव्हा तीच वाट ३०० मीटरने लांब झाली. बॅटरी आणि मेमरी थोडी जास्त जाते, जाऊ दे.

खारुताई:
फोनशी जोडणं विसरू नका गं. मी दोन आठवडे फोनविना होते, परत आल्यावर सिग्नल मिळायला दहा-बारा मिनिटं. जोडलं की उपग्रहांच्या कक्षांची फाईल घड्याळात उतरते. ती नसली तर प्रत्येक उपग्रहाकडून ती माहिती ऐकत बसावं लागतं, आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. त्यात आपण झाडाखाली फिरत राहिलो की मध्येच तुटतं, परत पहिल्यापासून. म्हणून एका जागी उभं राहायचं. बाळ उठलं, नंतर लिहिते

मोकळाश्वास:
पट्ट्याखाली पुरळ येतं का कुणाला? विषय वेगळा आहे, माफ करा

निवांतधावक:
वाटसरूताई, तुमची हळहळ समजली. मी त्यावर उपाय म्हणून चालू क्षणाचा पेस पडद्यावरून काढूनच टाकला. लॅप पेस, म्हणजे चालू टप्प्याची सरासरी, ठेवला, आणि शर्यतीत किलोमीटरच्या पाटीशी लॅपचं बटण हाताने मारतो. ऑटो लॅप बंद. घड्याळाचा किलोमीटर आणि पाटी यांत दर वेळी थोडी थोडी फट वाढत जाते, हाताने मारलं की ती साचत नाही.

इमारतींचा त्रास असेल तर दोन फ्रिक्वेन्सीवालं घड्याळ घ्या. जुनी फक्त एल१ ऐकतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झ. नवी एल५ पण ऐकतात, ११७६.४५. भिंतीवर आपटून आलेला सिग्नल ओळखायला त्याची फार मदत होते. पण सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे ना ते बघा, बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये बंद असतं.

धापाटाकू:
माझ्या घड्याळात मॅरेथॉन ४२.७ भरली. म्हणजे मार्ग चुकीचा मोजला होता ना?

निवांतधावक:
नाही हो दादा. मार्ग सायकलने मोजतात, पुढच्या चाकाला मोजणीयंत्र लावून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने. वळणाच्या आतल्या कडेपासून जेमतेम ३० सेंमी. शिवाय कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. आपण गर्दीतून डावी-उजवीकडे करत जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, ते पायाखालचं अंतर खरोखरच जास्त असतं. वर घड्याळाची चूक.

धापाटाकू:
अरे वा, हे माहीत नव्हतं. चार महिने मनात राग धरून होतो

जुनापाय:
सगळ्यांचं वाचून छान वाटलं. आम्ही पळायला लागलो तेव्हा नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा, शंभर मीटर इकडे-तिकडे. २ मे २००० ला अमेरिकेने ते बंद केलं. त्याआधी मी आणि माझा मित्र सायकलने रस्ता मोजून झाडांना खडूच्या खुणा करायचो. मित्र आता नाही. त्यातलं एक झाड अजून आहे, तिथे पोचलो की घड्याळ न बघता मला कळतं, तीन किलोमीटर झाले.

खारुताई:
काका 🙏

चिखलपाय:
काका, त्या झाडापाशी एकदा लॅप मारून बघा ना किती येतं

लेनचार:
ट्रॅकवर पळणाऱ्यांसाठी. ट्रॅक मोडमध्ये लेन नंबर नीट भरा. मी चौथ्या लेनमध्ये पळत होते, घड्याळात पहिली. ४०० मीटर फक्त पहिल्या लेनचे, चौथीचा फेरा साधारण ४२२. दहा फेऱ्यांत सव्वादोनशे मीटर हिशेबातून गायब, आणि मी आपली समजत होते की दमतेय. फार वाईट गेला तो महिना.

मोकळाश्वास:
ऑटो पॉज पण बंद करा शर्यतीत. पाण्यापाशी थांबले की घड्याळ थांबायचं. घड्याळात वेळ भारी, निकालात दीड मिनिट जास्त. रडू आलं होतं.
आणि पुरळ??

खारुताई:
@मोकळाश्वास पळून आल्यावर पट्टा साध्या पाण्याने धू, मनगट पूर्ण कोरडं होऊ दे आणि रात्री काढून ठेव. मला तेवढ्यानेच गेलं. नाही गेलं तर डॉक्टरांना दाखव.

वाटसरू:
काका, खडूच्या खुणा वाचून डोळे भरले. झाडाचा आकडा नक्की कळवा.
लेनचार, भाची उद्या ट्रॅकवर जाणार आहे, तिला आत्ताच तुझं वाचून दाखवलं. आज तिने अंगणात उभं राहून दीड मिनिट वाट बघितली. रेघ अगदी रस्त्यावरून गेली, वळणंसुद्धा जिथल्या तिथे.

जुनापाय:
सकाळी मारला लॅप. २.९८.