विद्यापीठाचा लोगो प्रत्येक पोस्टरवर वेगळाच दिसतो, काय करावं?

बोरूबहाद्दर: आमच्याकडे प्रत्येक विभाग आपापलं पोस्टर करतो, लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला जेपीजी, मागे पांढरा चौकोन, कुणी ताणून लंबुळका केलेला, मराठी एका फॉन्टात इंग्रजी भलत्याच. सरळ नवा लोगोच करून घ्यावा का?

रंगारीकाका: लोगोला हात लावू नकोस बाबा! २०१२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने नवं चिन्ह आणलं, जुनी मुद्रा पदवीवर राहणारच होती तरी आजी-माजी विद्यार्थी खवळले, ५० हजारांवर सह्या झाल्या आणि डिसेंबरात गाशा गुंडाळावा लागला.

खिळेजुळारी: +१. आधी तुमची मूळ मुद्रा व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांच्या चित्रात) नीट ट्रेस करून घे आणि तिच्या एसव्हीजी-पीडीएफ फायली सगळ्या विभागांना एकाच फोल्डरमधून दे. मुद्रेतलं गोल फिरणारं ब्रीदवाक्य १६ पिक्सेलच्या फेविकॉनमध्ये (ब्राउझरच्या टॅबवरचं चिमुकलं चिन्ह) नुसता चिखल होतं, त्यासाठी वेगळी साधी आवृत्ती लागतेच. फॉन्ट म्हणशील तर ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’, देवनागरी-रोमन दोन्ही त्यातच, शिवाय फुकट.

बोरूबहाद्दर: भारी! आणि साहेबांना आवडलेला तो सोनेरी ग्रेडियंट?

रंगारीकाका: तो फ्लेक्सवाल्याकडेच राहू दे 😀 सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) छापला की शेवाळी दिसतो.