व्हॉल्व्हचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर: सुरुवात कोठून करावी?

अनाहत

नमस्कार. संगीत ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळीचा) एक स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बांधावा, अशी माझी बऱ्याच दिवसांची इच्छा आहे. ट्रान्झिस्टरचे आणि आयसीचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर मी याआधी जोडले आहेत. सोल्डरिंग नीट जमते, मल्टिमीटर वापरता येतो आणि सर्किटचा आराखडा वाचता येतो. मात्र आजवर हाताळलेल्या सर्किटांत व्होल्टेज ३०च्या वर कधी गेले नाही, आणि व्हॉल्व्हच्या सर्किटात ३०० व्होल्ट ही नित्याची गोष्ट असते हे कळल्यापासून उत्साहाइतकीच धास्तीही वाटते आहे.

माझे स्पीकर ८ ओहमचे असून त्यांची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल अशी दिलेली आहे. खोली लहान आहे. प्रत्येक बाजूला दोन ईएल३४ व्हॉल्व्ह असलेले, सुमारे ३० वॉटचे एक पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह सिग्नलचे उलट भाग वाहून नेतात असे) सर्किट मला आवडले आहे. पहिल्याच प्रयत्नासाठी ते योग्य ठरेल का? नसल्यास कोणते सर्किट निवडावे, तयार किट घ्यावे की सुटे भाग जमवावेत, आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या आकड्यांवरून तो आपल्या कामाचा आहे की नाही हे कसे ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कथिल

ईएल३४चे पुश-पुल सर्किट उत्तम असते, पण पहिल्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. त्यात ४०० व्होल्टच्या आसपास काम करावे लागते, सिग्नलचे दोन उलट कलांचे भाग पाडणारा टप्पा लागतो, दोन्ही व्हॉल्व्हचे प्रवाह जुळवावे लागतात, आणि काही बिघडले तर दोष नेमका कोणत्या टप्प्यात आहे हे नवख्या माणसाला सापडत नाही. त्याऐवजी प्रत्येक बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेले, म्हणजे सिंगल-एंडेड सर्किट घ्यावे. माझी पसंती ईएल८४ आणि त्याच्या आधी ईसीसी८३ या जोडीला आहे. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. त्याच्या एका काचेत दोन ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचे व्हॉल्व्ह) असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंसाठी एकच पुरतो. तीन व्हॉल्व्हमध्ये संपूर्ण स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर उभा राहतो.

शक्ती कमी पडेल ही शंका स्वाभाविक आहे, म्हणून तिचा हिशोब आधी करू. ईएल८४ सिंगल-एंडेड पद्धतीने सुमारे ५ वॉट देतो. तुमच्या स्पीकरला १ वॉटवर ८६ डेसिबल मिळत असतील, तर ५ वॉटवर ९३ मिळतील. ३० वॉटवर ही पातळी १०१च्या जवळ जाईल. सहापट शक्तीने पदरात पडतात ते केवळ ८ डेसिबल. लहान खोलीत ९३ डेसिबल हा भरपूर मोठा आवाज आहे आणि रोजचे ऐकणे बहुधा १ वॉटच्या आतच होते.

आता ईएल८४च्या माहितीपत्रकातले आकडे पाहा, कारण पुढचा सगळा आराखडा त्यांच्यावरच उभा आहे. (तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते, ग्रिड त्यांचा प्रवाह आवरते आणि स्क्रीन ही मधली दुसरी ग्रिड असते.) प्लेटवर २५० व्होल्ट, ग्रिड कॅथोडच्या तुलनेत उणे ७.३ व्होल्ट, प्लेटचा प्रवाह ४८ मिलिअँपिअर, स्क्रीनचा साधारण ५.५ आणि भार ५ किलोओहमच्या आसपास. कॅथोडमधून या दोन्ही प्रवाहांची बेरीज, म्हणजे सुमारे ५३.५ मिलिअँपिअर वाहते. एवढ्या प्रवाहाने ७.३ व्होल्ट निर्माण व्हावेत यासाठी कॅथोडला साधारण १३५ ओहमचा रेझिस्टर लागतो. ग्रिड दुसऱ्या एका रेझिस्टरमधून जमिनीला (सर्किटाच्या शून्य व्होल्टच्या बिंदूला) जोडलेली असल्यामुळे कॅथोड ७.३ व्होल्टने वर उचलला गेला की ग्रिड आपोआप तेवढीच ऋण ठरते. याला कॅथोड बायस म्हणतात. प्रवाह वाढू लागला तर कॅथोड आणखी वर जातो आणि प्रवाह पुन्हा आटोक्यात येतो, म्हणून नवख्यांसाठी हीच पद्धत चांगली. मात्र २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॉट होतात आणि तीच ईएल८४च्या प्लेटची कमाल मर्यादा आहे. व्हॉल्व्ह जास्त टिकावेत असे वाटत असेल तर १५० ते १८० ओहमचा रेझिस्टर घालावा. शक्तीत किंचित घट होईल, पण कानाला फरक जाणवणार नाही.

व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा या अ‍ॅम्प्लिफायरचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि काटकसर करायची झाल्यास ती इतरत्र करावी. ५ किलोओहम आणि ८ ओहम यांचे गुणोत्तर ६२५ येते. त्याचे वर्गमूळ २५, म्हणून वेढ्यांचे प्रमाण २५ला १ असे असते. सिंगल-एंडेड सर्किटात या ट्रान्सफॉर्मरमधून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहत असतो. त्यामुळे गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊ नये म्हणून त्यात हवेची बारीक फट ठेवलेली असते. पुश-पुलसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ही फट नसते, म्हणून ५ किलोओहमचा आकडा जुळला तरी तो येथे चालणार नाही. खरेदी करताना ‘सिंगल-एंडेड’ हा उल्लेख आणि सोसणारा स्थिर प्रवाह, निदान ६० मिलिअँपिअर, हे दोन्ही तपासावे.

किटबद्दल माझे मत अनुकूल आहे, परंतु एका अटीवर. भाग जोडायला घेण्यापूर्वी सर्किटचा आराखडा स्वतःच्या हाताने कागदावर काढावा आणि प्रत्येक बिंदूवर किती व्होल्ट अपेक्षित आहेत ते त्यावर लिहावे. जो आकडा लिहिता येत नाही, तो भाग अजून समजलेला नाही असे समजून तेथेच थांबावे.

मंद्रसप्तक

कथिल यांनी सर्किटबद्दल सविस्तर लिहिले आहेच. धास्तीबद्दल थोडे लिहितो, कारण तुम्हाला वाटणारी धास्ती योग्य आहे आणि ती काम संपेपर्यंत टिकवून ठेवावी.

वीज बंद केल्यावरही पुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, हा ३० व्होल्टच्या सर्किटात कधीच न जाणवलेला धोका येथे खरा होतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा असते. म्हणून प्रत्येक मोठ्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा एक रेझिस्टर कायमचा जोडावा, म्हणजे वीज गेल्यावर पाऊण मिनिटात व्होल्टेज ५०च्या आसपास आणि काही मिनिटांत नगण्य होईल. तरीही त्या रेझिस्टरवर विसंबू नये, कारण त्याचा सांधा सुटलेला असू शकतो. हात घालण्यापूर्वी दर वेळी मीटरने मोजावे आणि काही शिल्लक आढळल्यास इन्सुलेट केलेल्या क्लिपला जोडलेल्या १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून तो विद्युतभार उतरवावा. पेचकसाने थेट शॉर्ट करण्याची सवय लावून घेऊ नये.

चेसिस धातूचेच असावे आणि मुख्य विजेची अर्थिंगची तार त्याला स्वतंत्र बोल्टने, दात असलेल्या वॉशरसह घट्ट जोडावी. त्या बोल्टवर दुसरे काहीही बसवू नये. फ्यूज स्विचच्या आधी, जिवंत तारेत घालावा. चालू सर्किटात मोजमाप करताना मीटरची काळी तार क्लिपने चेसिसला लावून ठेवावी आणि एकाच हाताने लाल टोक टेकवावे. दुसरा हात सर्किटापासून दूर राहिला तर छातीतून जाणारा मार्ग तयार होत नाही. मीटर आणि त्याच्या तारा ६०० व्होल्ट किंवा अधिक क्षमतेच्या आहेत याचीही खात्री करावी. शक्य असल्यास चालू सर्किटावर काम करताना घरात दुसरे कोणी असावे आणि वीज कोठून बंद करायची हे त्यांना ठाऊक असावे.

पहिल्यांदा वीज देताना एकही व्हॉल्व्ह बसवू नये. मुख्य विजेच्या तारेत ६० वॉटचा फिलॅमेंटचा जुना दिवा सिरीजमध्ये जोडावा. एलईडीचा दिवा या कामाला चालत नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखर पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे आणि दिव्याने ट्रान्सफॉर्मर वाचवला आहे. त्यानंतर हीटरचे (कॅथोड तापवणाऱ्या तारेचे) आणि मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेज मोजून, वीज बंद करून, कपॅसिटरमधला विद्युतभार उतरवून मगच व्हॉल्व्ह बसवावेत. या वेळी स्पीकर, किंवा त्याऐवजी ८ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर, जोडलेला असलाच पाहिजे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट शॉर्ट होणे घातक असते. येथे ते उघडे राहणे घातक आहे, कारण भार नसताना सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक (व्हॉल्व्हकडच्या) बाजूवर फार मोठे व्होल्टेज उसळते आणि आतला इन्सुलेशनचा थर फुटू शकतो.

अनाहत

दोघांचेही मनापासून आभार. ईएल३४चा विचार सोडला आहे. माझ्याकडे २५०-०-२५० व्होल्ट (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना २५०), २०० मिलिअँपिअरचा एक पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्यावर ६.३ व्होल्ट, ३ अँपिअरचे हीटरचे वेटोळेही आहे. प्लेटला २५० व्होल्ट हवेत आणि ट्रान्सफॉर्मरही २५०चाच आहे, म्हणजे तो अगदी नेमका बसतो असे मी धरून चाललो आहे. हे बरोबर आहे ना?

कथिल

हीटरच्या बाबतीत बरोबर आहे. ईएल८४ला ०.७६ अँपिअर लागतात, दोघांचे १.५२, आणि ईसीसी८३चे ०.३ धरून एकूण १.८२ अँपिअर होतात, तेव्हा ३ अँपिअर पुरेसे आहेत. मुख्य पुरवठ्याच्या बाबतीत मात्र नाही. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले २५० हे आरएमएस (एसी व्होल्टेजचे परिणामी) मूल्य असते. डायोडनंतर लगेच कपॅसिटर असेल तर तो शिखरमूल्यापर्यंत, म्हणजे १.४१४ पट, सुमारे ३५३ व्होल्टपर्यंत भरतो. भाराखाली ते ३४०च्या आसपास उतरले तरी ईएल८४च्या ३०० व्होल्टच्या मर्यादेपेक्षा ते पुष्कळ जास्त आहे. आपल्याला प्लेटचे २५०, कॅथोडचे ७ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारेत पडणारे १०-१२ असे मिळून २७०च्या जवळपास हवेत. त्यासाठी २००-०-२०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर योग्य असतो.

हाच ट्रान्सफॉर्मर वापरायचा असेल तर एक चांगला मार्ग आहे. डायोडनंतर आधी कपॅसिटर न घालता सुमारे १० हेन्रीचा, १५० मिलिअँपिअर सोसणारा चोक (गाभ्यावर गुंडाळलेली तारेची कॉइल) घालावा आणि त्यानंतर कपॅसिटर. अशा रचनेत व्होल्टेज शिखरमूल्यापर्यंत न जाता आरएमएसच्या ०.९ पट, म्हणजे २२५ व्होल्टवर स्थिरावते. शक्ती थोडी कमी मिळेल, पण व्हॉल्व्ह सुखात राहतील. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. व्हॉल्व्ह तापेपर्यंत प्रवाह वाहत नसतो आणि तोवर व्होल्टेज ३५३च्याही वर जाऊ शकते, म्हणून सर्व कपॅसिटर ४५० व्होल्टचेच असावेत. तसेच चोकवर येथे बराच एसी दाब असतो, त्यामुळे तो इनपुट चोक म्हणून वापरण्यास योग्य असल्याची खात्री करावी, नाहीतर तो स्वतःच गुणगुणत राहतो.

मंद्रसप्तक

गुणगुणण्याचा विषय निघालाच आहे, तर चेसिसला भोके पाडण्यापूर्वीचे एक काम सुचवतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम (स्पीकरकडच्या) बाजूला हेडफोन जोडावा, त्याच्या प्राथमिक तारांची टोके इन्सुलेट करावीत, आणि शेजारी ठेवलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्राथमिक (मुख्य विजेकडच्या) बाजूला वीज द्यावी. त्याच्याही बाकी सर्व तारांची टोके इन्सुलेट केलेली हवीत. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर फिरवत आणि सरकवत गेलात तर ज्या जागी हेडफोनमधला आवाज जवळजवळ नाहीसा होतो, तीच त्याची जागा. दोन्हींचे गाभे बहुधा काटकोनात आल्यावर हे घडते. हे काम नंतर करता येत नाही.

हीटरच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि वेटोळ्याला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर जमिनीला जोडावा. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडला अगदी सॉकेटच्या पायाशी १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर घालावा, म्हणजे कानाला न ऐकू येणारे उच्च वारंवारतेचे दोलन सुरू होत नाही. पहिल्या टप्प्याकडून येणारा जोडणीचा कपॅसिटर नवा, ६३० व्होल्टचा फिल्म प्रकारचा असावा. जुना, गळका कपॅसिटर ग्रिडवर धन व्होल्टेज सोडतो आणि प्लेट लाल होऊन व्हॉल्व्ह जातो. हीटरचा नारिंगी उजेड नेहमीचा. राखाडी प्लेटवर लालसर डाग दिसला तर ताबडतोब वीज बंद करावी.

एक सूचना कथिल यांच्यापेक्षा वेगळी आहे. आधी एकच बाजू पूर्ण बांधावी, सर्व व्होल्टेज मोजून कागदावरच्या आकड्यांशी पडताळावीत, आणि ती समाधानकारक चालल्यावरच दुसरी बाजू जोडावी. त्या अवस्थेत अर्धाच भार असल्यामुळे पुरवठ्याचे व्होल्टेज थोडे वर राहील, तेवढे लक्षात ठेवून मोजावे.

कथिल

ही सूचना मला पूर्ण मान्य आहे. तिला फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश उलट कलेने इनपुटकडे परत देण्याची, जोड देतो. ईएल८४सारख्या पेंटोडचा (पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचा) आउटपुट इम्पिडन्स (अंतर्गत अवरोध) जास्त असल्याने फीडबॅकशिवाय स्पीकरवर त्याची पकड ढिली राहते आणि मंद्र स्वर पसरट वाटतात. ईसीसी८३चा टप्पा सिग्नल सुमारे ५० ते ६० पट वाढवतो, आणि ईएल८४ला पूर्ण शक्तीसाठी ग्रिडवर साडेचार व्होल्टही लागत नाहीत. म्हणजे वाढ गरजेपेक्षा बरीच जास्त आहे आणि त्यातील १० डेसिबल फीडबॅकसाठी खर्च करणे सहज परवडते. मात्र फीडबॅकची तार सर्वांत शेवटी जोडावी. ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूकडून, रेझिस्टरमार्गे, ईसीसी८३च्या कॅथोडकडे जाते. दुय्यम बाजूचे दुसरे टोक जमिनीला जोडलेले असते. तार जोडताच आवाज किंचित कमी झाला तर दिशा बरोबर आहे. अ‍ॅम्प्लिफायर जोरात ओरडू लागला तर फीडबॅक उलट दिशेने जात आहे. तेव्हा वीज बंद करावी, कपॅसिटरमधला विद्युतभार उतरवावा आणि त्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारांची अदलाबदल करावी. म्हणूनच त्या दोन तारा सुरुवातीला लांब ठेवाव्यात आणि ही चाचणी होईपर्यंत कापू नयेत.