मदत हवी आहे: पोटॅशियम क्लोराइडच्या हीट कपॅसिटीच्या आलेखात ०.५ केल्विनला कुबड, लिथियमचं की ओएचचं (हायड्रॉक्साइड आयनचं)?

मंडळी, कमी तापमानाला हीट कपॅसिटी (तापमान एक अंश वाढवायला लागणारी उष्णता) मोजणारं कुणी इथे आहे का?

पोटॅशियम क्लोराइडचा स्फटिक, त्यात लिथियम १० पीपीएम (दहा लाखांत दहा). २ केल्विनला सगळं सरळ: डेबायचा तापमानाच्या घनाचा नियम (जाळीच्या, म्हणजे स्फटिकातल्या आयनांच्या, कंपनांची हीट कपॅसिटी तापमानाच्या घनाच्या प्रमाणात), त्यातला स्थिरांक म्हणजे डेबाय तापमान सुमारे २३५ केल्विन. १ केल्विनच्या खाली मात्र बिंदू रेषा सोडतात आणि ०.५ च्या आसपास कुबड येतं.

माझा हिशोब: लिथियम आयनची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, तो ज्याच्या जागी बसतो त्या पोटॅशियमची १.३८. एवढ्या ऐसपैस जागेत तो मधोमध राहत नाही, घनाच्या आठपैकी एका कोपऱ्याकडे सरकतो आणि तिथून शेजारच्या कोपऱ्यात टनेलिंग करतो (मधला ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार जातो). म्हणून आठ ऊर्जापातळ्या, १-३-३-१ अशा गटांत, समान अंतराने. लिथियम-७ या नेहमीच्या समस्थानिकासाठी हे अंतर, तापमानाच्या एककात, सुमारे १.२ केल्विन. म्हणजे प्रत्येक आयनमागे तीन स्वतंत्र द्विपातळी (दोनच ऊर्जापातळ्यांच्या) प्रणाली, आणि शॉट्कीचं शिखर (अशा पातळ्यांमुळे हीट कपॅसिटीत येणारा उंचवटा) या अंतराच्या ०.४२ पटीला, ०.५ केल्विनला. जागा तंतोतंत जुळते.

उंची पचत नाहीये. शिखराला लिथियमचा वाटा मोलमागे १.१ × १०⁻⁴ ज्यूल प्रति केल्विन, अख्ख्या जाळीचा ३.७ × १०⁻⁵. लाखात एक आयन आणि जाळीच्या तिप्पट? सर म्हणतात, स्फटिक वाढवताना ओलावा शिरला असेल, हे ओएचचं काम. दोन्ही वेगळे कसे काढायचे?

प्रतिसाद:

उंची बरोबर आहे. ०.५ केल्विनला जाळी जवळजवळ गोठलेली असते; तिच्या एका आयनच्या वाट्याला बोल्ट्झमन स्थिरांकाचा दहा लाखांतला दोनेक हिस्सा येतो. लिथियमचा एक आयन एकटाच त्याच स्थिरांकाच्या १.३ पट देतो.

सरांची शंका रास्त आहे, पाणी खरंच मुरू शकतं. विद्युतक्षेत्र लावून निवाडा होणार नाही, कारण दोघांनाही द्विध्रुव (धन आणि ऋण भारांची विलग जोडी) आहे, म्हणून दोघंही क्षेत्राला प्रतिसाद देतील. आधी यूव्ही (अतिनील) प्रकाशाचं शोषण मोजा: ओएच असेल तर २०४ नॅनोमीटरला पट्टा दिसेल. शंका उरलीच तर लिथियम-६ (हलका समस्थानिक) घातलेला स्फटिक वाढवा. हलका आयन जास्त सहज टनेलिंग करतो, त्यामुळे कुबड सुमारे ०.७ केल्विनकडे सरकायला हवं. ओएचचं असेल तर जागचं हलणार नाही. फक्त समृद्ध लिथियम-६ च घ्या. नैसर्गिक लिथियममध्ये ते जेमतेम सात-आठ टक्के असतं.