कॅरॅव्हनच्या अ‍ॅक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे कसे घालवायचे?

रानवाट_लीड्स
नमस्कार मंडळी. जुनी टूरिंग कॅरॅव्हन (गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर) घेतली आहे, खिडक्या काचेसारख्या प्लास्टिकच्या, म्हणजे दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या अरुंद रस्त्यांवर कडेच्या झुडपांनी डावी बाजू चांगलीच खरवडली आहे. दोन-तीन लांब ओरखड्यांत नख अडकतं. बाकी पृष्ठभागावर बारीक चरे आहेत, ते फक्त उन्हात दिसतात. शिवाय एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत, पण बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नाही. यातलं काय निघेल? ड्रिलला पॅड लावून पॉलिश केलं तर चालेल का? आणि जुन्या स्टिकरचा चिकटा मेथिलेटेड स्पिरिटने पुसू का?

पारदर्शक
आधी स्पिरिटची बाटली लांब ठेवा. या खिडक्या तापवून वळवलेल्या असतात, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण राहून गेलेला असतो. स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, अमोनियावालं काचेचं क्लीनर, यातलं काहीही लागलं की त्या ताणाच्या जागी भेगा उघडतात. कधीकधी हे पुसल्यानंतर बऱ्याच काळाने दिसतं, म्हणून "मी लावलं, काही झालं नाही" या सल्ल्यावर जाऊ नका. तुमच्या कोपऱ्यातल्या भेगा याच जातीच्या वाटतात. त्या आत शिरलेल्या असतात, घासून निघत नाहीत. चिकट्याला खायचं तेल चोळून थोडा वेळ राहू द्या, मग कोमट साबणपाण्याने धुवा.

नख अडकणाऱ्या ओरखड्यांना वॉटर पेपरच (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) लागेल. सुरुवात १२०० नंबरने करा. त्याने दाद दिली नाही तरच ८००, कारण जितक्या खरखरीत कागदाने सुरू कराल तितकं पुढचं काम वाढतं. खिडकी धुऊन घ्या, रबराच्या कडेला मास्किंग टेप लावा, काम सावलीत करा. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, कागद दहा मिनिटं भिजू द्या आणि मऊ फोमच्या ठोकळ्याला गुंडाळा. एकाच दिशेने सरळ घासा, गोल नाही. पुढचा नंबर घेतला की काटकोनात घासा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते लगेच कळतं. क्रम १२००, २०००, ३०००. दर वेळी पाणी बदला. आधीच्या कागदाचा एक कण राहिला तरी नवा चरा पडतो.

फक्त ओरखड्यापुरतं घासत बसू नका. तिथे खळगा पडतो आणि त्यातून बाहेरचं दृश्य लाटेसारखं हलताना दिसतं. दोन्ही बाजूंना दहा-पंधरा सेंटिमीटर पसरवून घासा. शेवटी नोव्हस या प्लास्टिकच्या पॉलिशचा ३ नंबर, मग २, स्वच्छ मायक्रोफायबरने. तुमच्या बारीक चऱ्यांना कागद नकोच, नुसतं नोव्हस २ पुरे.

कडूलिंब
ड्रिलबद्दल: चालतं, पण खालच्या गिअरमध्ये, फोमच्या पॅडने आणि हलक्या हाताने. अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसला मऊ पडतं. वेगात एका जागी पॅड टेकवला की पृष्ठभाग वितळून ओढला जातो आणि मग तो डाग ओरखड्यापेक्षा वाईट. पॅड सतत हलता ठेवा, पाण्याचा फवारा मारत राहा. मधूनमधून बोटांच्या मागच्या बाजूने खिडकी तपासा. गरम लागली की थांबा. कडेचा भाग हातानेच.

टूथपेस्टने फार तर एखादा बारीक चरा फिका होतो, पूर्ण खिडकी नाही. ब्रासो आणि गाडीच्या रंगाची पॉलिशं मी तरी सुचवणार नाही, अनेकांत सॉल्व्हंट असतो. आणि गॅस टॉर्चच्या ज्योतीने चकाकी आणायचे व्हिडिओ दिसले तर तो प्रयोग बसवलेल्या खिडकीवर करूच नका.

हिरवीवाट
पुढे ओरखडे पडू नयेत म्हणून: बहुतेक चरे रस्त्यावर नाही, धुताना पडतात. धुळीत वाळूचे कण असतात, ते अ‍ॅक्रिलिकपेक्षा कठीण. कोरडं कधीच पुसू नका. आधी वरून भरपूर पाणी सोडा, मग धुण्याचा मऊ मिट (हातमोजा) वापरा, तोही खिडक्यांसाठी वेगळा. किचन टॉवेल आणि हिरवी बाजू असलेला स्पंज बंद. माश्या किंवा पक्ष्यांची घाण वाळली असेल तर ओलं फडकं पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा, खरवडू नका.

हिवाळी कव्हर घालण्याआधी खिडक्या धुवाच आणि पट्टे घट्ट आवळा. वाऱ्यात फडफडणाऱ्या कव्हराखाली धूळ राहिली की महिनाभर घासणं चालू राहतं.

झुडपांचं सांगायचं तर इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतांच्या कडेची कुंपणं छाटायला, काही अपवाद सोडले तर, मनाई असते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फांद्या सर्वांत पुढे आलेल्या असतात. तेव्हा शक्यतो मोठ्या रस्त्याने जा, कॅम्पसाइटवाल्यांनी दिलेला रस्ता धरा, सॅटनॅवचा (गाडीतल्या नकाशायंत्राचा) जवळचा मार्ग नको.

रानवाट_लीड्स
खूप आभार. एका लहान खिडकीवर सुरू केलंय. २००० नंतर सगळा भाग दुधी झालाय. बिघडलं का?

पारदर्शक
नाही, तसंच व्हायला हवं. कोरडं करून टॉर्च तिरका धरा. दुधीपणा सगळीकडे सारखा असेल तर ३००० घ्या. त्यात सुट्या रेघा चमकत असतील तर त्या १२००च्या आहेत, पॉलिशने जाणार नाहीत. पुन्हा २०००नेच त्या काढा.