रॉकेलचा बोळा नको, साबणपाणी पुरे

छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं रॉकेलच्या बोळ्याने जाळायचा सल्ला कुणी दिला तर कृपया पाळू नका. पडदे पेटतात, माश्या चवताळून अंगावर येतात. पोळं तळहाताहून लहान असेल तर अंधार पडल्यावर, माश्या पोळ्यावर बसलेल्या असताना, १ लिटर पाण्यात ३-४ चमचे भांड्यांचं लिक्विड मिसळून लांबून जोरदार फवारा मारा. साबणपाणी श्वासछिद्रांत शिरतं आणि माशी गुदमरते. नुसत्या पाण्याने ती फक्त चिडते. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा, पांढऱ्या उजेडाकडे त्या झेपावतात. सकाळी देठासकट पोळं खरवडून काढा. शिडीवर उभं राहून मात्र हे अजिबात नको. भिंतीवरची मातीची घरटी कुंभारमाशीची. ती सहसा डंख मारत नाही, राहू द्या.