मदत हवी आहे: सीक्वेलचा कंटाळा आकड्यांतून कसा ओळखायचा?

सीक्वेलच्या अतिरेकाने व्हिडिओ गेमच्या मालिका मरतात का, हे तपासतोय. प्लास्टिकच्या गिटारवर खेळायचा ‘गिटार हीरो’ 2005 मध्ये आला. 2009 या एकाच वर्षात पाचवा भाग, मग मेटॅलिका, व्हॅन हेलन या बँडच्या नावाचे भाग अशी रांगच लागली आणि 2011 मध्ये ॲक्टिव्हिजन या प्रकाशक कंपनीने हा कारभारच गुंडाळला. पण त्यांचीच ‘कॉल ऑफ ड्यूटी’ 2005 पासून दरवर्षी येते आणि खपतेही! तिथे स्टुडिओ आळीपाळीने काम करतात, शिवाय प्लास्टिकचं महागडं गिटार घ्यावं लागत नाही.

वार्षिक अहवाल चाळले. त्यांत भागनिहाय विक्री नीट सुटी होत नाही. समीक्षकांच्या गुणांवरून दर्जा कळतो, कंटाळा नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाचाही उपयोग नाही, कारण हे खेळ मुख्यतः कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांचे. विकतचे अहवाल परवडत नाहीत.

दुकानांना पाठवलेल्या नव्हे, ग्राहकांनी प्रत्यक्ष घेतलेल्या प्रतींचे भागनिहाय आकडे फुकट कुठे मिळतील? आणि 2008 ची मंदी व गिटारची किंमत यांचा परिणाम त्यातून वेगळा कसा काढायचा?